पुतळा शोभराजचा, इन्स्पेक्टर झेंड्यांचा नव्हे

'लोक ओळखतात, म्हणजे गुन्हेगारही सेलिब्रिटीच' हे अर्धंच खरं. नुसती ओळख वेगळी, त्या ओळखीचा पैसा होणं वेगळं. सिरियल किलर चार्ल्स शोभराज दुसऱ्यात मोडतो. मार्च १९८६ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारून तो तिहारमधून पळाला. तीनच आठवड्यांत मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात, पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात धरलं. पुढे त्याच हॉटेलाने पुतळा बसवला, तोही शोभराजचा! १९९७ मध्ये सुटून पॅरिसला गेल्यावर तो मुलाखतींचे पैसे घ्यायचा.

हा पैसा कायद्याने अडवणं किचकट आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने १९७७ मध्ये 'सन ऑफ सॅम' (एका सिरियल किलरचं टोपणनाव) कायदा केला: गुन्ह्याची कहाणी विकून आलेली रक्कम सरकारी मंडळाकडे, तिथून पीडितांना. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण व्याप्ती भलतीच मोठी. आत्मचरित्रात जुन्या चोरीचा ओझरता उल्लेख आला तरी पैसे अडकले असते. २००१ च्या सुधारित कायद्याने लेखनाचा नाद सोडून थेट दोषीच्या खिशावर लक्ष ठेवलं. १०,००० डॉलरच्या वर रक्कम द्यायची तर देणाऱ्याने मंडळाला (आता त्याजागी राज्याचं पीडित-सेवा कार्यालय) कळवायचं. हे कार्यालय पीडितांना कळवतं आणि पीडित दावा लावू शकतात.