बहिणीच्या घरावर थकबाकीची नोटीस; मदत करताना स्वतःची पुंजी कशी सांभाळावी?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ जिल्हा)
धाकट्या बहिणीच्या घरावर गृहकर्जाच्या थकबाकीची ६० दिवसांची नोटीस लागली आहे. परवा गेलो तेव्हा ती दाराला डिंकाने चिकटवलेली होती आणि शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून बहिणीने तिच्यावर कॅलेंडर टांगले होते. कापसाने सलग दोन हंगाम दगा दिला आणि हप्ते थांबले. जावई, म्हणजे बहिणीचे पती, म्हणतात, साडेतीन लाख रोख द्या, मी घर तुमच्या नावाने लिहून देतो. नाहीतर नव्या कर्जाला जामीन तरी राहा. माझ्याकडे निवृत्तीची रक्कम आहे, पण मुलीचे लग्न व्हायचे आहे. बहिणीला वाऱ्यावर सोडवत नाही आणि पैसा बुडालेलाही परवडणार नाही. काय करावे?

उत्तर १ (निवृत्त बँक कर्मचारी, पुसद)
सर्वप्रथम घर लिहून घेण्याचा विचार सोडा. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार (न्यायालयात न जाता बँकेला तारण मालमत्तेचा ताबा घेऊन ती विकू देणारा कायदा) अशी नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदाराला ते घर विकता येत नाही, त्यामुळे स्टॅम्प पेपरवर काहीही लिहिले तरी तुमच्या हाती घर येणार नाही. जामीन तर मुळीच राहू नका, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक थेट तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते.

आता पैशाविषयी. बहिणीला सोबत घेऊन शाखेत जा आणि खात्याचा उतारा मागा. खाते एकदा थकीत ठरले की व्याज व मुद्दल धरून सगळी थकबाकी भरल्यावरच ते पुन्हा नियमित होते. थोडे थोडे भरून कारवाई थांबेलच असे नाही, आणि नातेवाइकांचा बहुतेक पैसा असाच वाया गेलेला मी पाहिला आहे. म्हणून ‘एवढी रक्कम भरल्यास पुढील कारवाई थांबवू’ असे बँकेकडून लेखी घ्या आणि मगच रक्कम तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा. नोटिशीला लेखी हरकत दिल्यास बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते, तेव्हा तो अर्जही आजच द्या. घराचा ताबा घेतला गेला, तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आपल्यासाठी ते नागपूरला आहे.

उत्तर २ (वणी)
मी चुलतभावाला दोन लाख रोख दिले होते. त्याने त्यातून आधी सावकाराचे देणे फेडले, घर लिलावात गेले, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून एक चिठ्ठीही नव्हती. २०,००० किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्यानेही मनाई आहे. बहीण व जावई दोघांच्याही सह्यांची वचनचिठ्ठी घ्या आणि परतफेडीची तारीख त्यात लिहा, कारण मुदत संपल्यापासून तीन वर्षांत दावा केला नाही तर कायद्याने वसुली करता येत नाही. सही मागताना संकोच वाटेल, तरीही मागा. त्या संकोचापायी माझा भाऊ आज माझ्याशी बोलतही नाही.

प्रश्नकर्ता
वसुलीचा माणूस शेतही जाईल असे सांगून गेला आहे. ते खरे आहे का?

उत्तर १
शेतजमीन सरफेसी कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तिच्यासाठी बँकेला वेगळ्या मार्गाने जावे लागेल. त्या धास्तीने शेत विकू देऊ नका.

प्रश्नकर्ता
सोमवारी बहिणीला घेऊन शाखेत जातो. दीड लाखाच्या वर देणार नाही, हे जावयांना आज सांगितले.