न्यूट्रॉन ताऱ्यात ५ टक्के कृष्णद्रव्य घातलं आणि त्रिज्या शेकड्यात गेली! मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. एमएस्सीचा प्रकल्प आहे, सोमवारी सादरीकरण, आणि तीन दिवस एकाच आलेखाकडे बघत बसलोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा (विषय कृष्णद्रव्य असला तरी).

न्यूट्रॉन ताऱ्यात (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गोळा) कृष्णद्रव्य (न दिसणारं, गुरुत्वाकर्षणानंच जाणवणारं द्रव्य) मिसळलं तर वस्तुमान आणि त्रिज्या कशी बदलते, ते काढायचंय. दोन द्रव, दोघांचा दाब वेगळा, एकमेकांशी संबंध फक्त गुरुत्वाकर्षणाचा. म्हणून टीओव्ही समीकरण (ताऱ्यातला दाब आणि गुरुत्वाकर्षण यांचा समतोल सांगणारं) दोनदा, आतलं वस्तुमान मात्र सामाईक. साध्या द्रव्यासाठी एसएलवाय (कुठल्या घनतेला किती दाब, हे सांगणारं एक प्रारूप) घेतलंय. कृष्णद्रव्य शून्य ठेवलं की १.४ सौर वस्तुमानाला ११.७ किमी आणि कमाल वस्तुमान २.०५ येतं, म्हणजे इथवर कोड ठीक.

मग ५ टक्के कृष्णद्रव्य घातलं, आपसात न ढकलणारे फर्मिऑन (इलेक्ट्रॉनच्या जातीचे, एका अवस्थेत दोन न मावणारे कण). कण १ जीईव्हीचा (साधारण प्रोटॉनइतक्या वस्तुमानाचा) धरला तर ते गाभ्यात जाऊन बसतं, तारा आक्रसतो, कमाल वस्तुमान उतरतं. पटलं. कण १०० एमईव्हीचा (त्याच्या दहाव्या हिश्श्याचा) केला की त्रिज्या थेट शेकडो किमी! पुण्याहून निघून मुंबईच्या पुढे गेला तारा. लूप दोन्ही दाब शून्य होईपर्यंत चालतो, चूक तिथे आहे का?

शिवाय हे ५ टक्के येणार कुठून? सूर्याच्या परिसरातली घनता धरून ताऱ्याला १० अब्ज वर्षं कृष्णद्रव्य गोळा करायला बसवलं, तरी सौर वस्तुमानाच्या लाख कोटीव्या भागाइतकंही जमत नाही.

प्रतिसाद:
लूप बरोबर आहे, तुम्ही चुकीच्या आकड्याला त्रिज्या म्हणताय. साध्या द्रव्याचा दाब जिथे संपतो तो पृष्ठभाग. क्ष-किरण तिथल्या तापलेल्या ठिपक्यांतून येतात आणि नायसर या क्ष-किरण दुर्बिणीनं तेच मोजलंय. त्याबाहेरचं सगळं न दिसणारं प्रभामंडळ. ते फेकून मात्र देऊ नका. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याचं टिपलं गेलं, त्यांच्या गुरुत्वलहरींतून तारा भरतीनं (जोडीदाराच्या गुरुत्वाच्या ओढीनं) किती ताणला जातो याचा अंदाज बांधला गेला. त्या हिशेबात बाहेरचं वस्तुमानही येतं, आणि तो ताण त्रिज्येच्या पाचव्या घातानं वाढतो.

खरी अडचण १ जीईव्हीची आहे. जे०७४०+६६२० या पल्सारचं (ठरावीक ठोक्यानं स्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचं) वस्तुमान २.०८ ± ०.०७ सौर वस्तुमानं. तुमचं २.०५ आणखी उतरलं की तो हातचा जातो. परीक्षक विचारणारच, दोष कृष्णद्रव्याचा की एसएलवायच मऊ (कमी दाब देणारं) आहे म्हणून? एका ताऱ्यावरून हे सांगता येत नाही.

५ टक्के पकडून येत नाहीत. न्यूट्रॉनच फुटून कृष्णकण होतो, ही २०१८ ची कल्पना बघा. प्रयोगात बाटलीत कोंडलेला न्यूट्रॉन सुमारे ८७९ सेकंद टिकतो, शलाकेत (कणांच्या झोतात) ८८८, त्या तफावतीवरून ती निघाली. पण मग कण आपसात ढकलणारे हवेत, नाहीतर तारा दोन सौर वस्तुमानं पेलत नाही.

धागाकर्ता:
साध्या द्रव्याची आणि कृष्णद्रव्याची त्रिज्या अशी दोन व्हेरिएबल केली, पृष्ठभाग ११.७ च्या आसपासच राहिला. हुश्श. आता भरतीच्या गणितात सीमेची अट कुठल्या त्रिज्येवर लावू, बाहेरच्याच ना?

प्रतिसाद:
हो, बाहेरच्याच. आणि साध्या द्रव्याच्या पृष्ठभागाशी लूपची पायरी बारीक ठेवा, तिथे घनता एकदम कोसळते.