‘सुखद कलाटणी’त काहीतरी हरवतंय. दुसरा शब्द सुचवाल का?

वाघूर (जळगाव)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात दर महिन्याला एकानं एक अभ्यासलेख मराठीत करून आणायचा आणि वाचायचा, असा शिरस्ता आहे. या खेपेला माझी पाळी आहे. विषय घेतलाय आधुनिक अद्भुतकथेतली मिथकं, आणि लेख मुख्यतः ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनवर आहे. त्यानं १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. तेच पुढे वाढवून १९४७ मध्ये निबंध म्हणून छापलं. त्या निबंधात त्यानं स्वतः घडवलेला एक शब्द येतो, ‘युकॅटॅस्ट्रफी’. कॅटॅस्ट्रफी म्हणजे ग्रीक नाटकातला शेवटाकडचा पालट, शब्दशः ‘खाली वळणं’. त्याला त्यानं पुढे ‘यु’ लावला, म्हणजे ‘चांगलं’. सगळं संपलं असं वाटत असताना गोष्ट एकाएकी आनंदाकडे वळते, ते हे वळण.

मी ‘सुखद कलाटणी’ असं केलं होतं. कच्चा मसुदा वाचून दाखवला तेव्हा गटातले एक ज्येष्ठ म्हणाले, “सुखद कलाटणी रोज रात्री मालिकेत असते. त्या माणसाला वेगळा शब्द का घडवावा लागला?” मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन निबंध पुन्हा काढला. तो म्हणतो की ऐकणाऱ्याचा श्वास क्षणभर अडकतो, काळीज वर उचललं जातं, डोळ्यांत पाणी येतं. आणि असं वळण पुन्हा येईल असा भरवसा कधीच धरता येत नाही. ‘सुखद’मध्ये यातलं काहीच उतरत नाही. काय म्हणावं?

पांझरा (धुळे)

वाघूरताई, शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त तो वापरायला हवा. भरतानं नाटकाचे पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, सांगितलेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. विमर्शात सगळं अडतं, निर्वहणात सुटतं. आणि या निर्वहणात अद्भुत रस असावा असं नाट्यशास्त्र स्पष्ट सांगतं. अद्भुताचा स्थायीभाव विस्मय. तुम्ही वर्णन केलेला अडकलेला श्वास तोच.

शाकुंतलाचा सातवा अंक आठवा. मुलाच्या मनगटावरचा ताईत जमिनीवर पडतो आणि राजा सहज उचलतो. तापसी घाबरतात, कारण तो ताईत आईबाप सोडून कुणी उचलला तर त्याचा साप होऊन डसतो. साप होत नाही. त्या एका न घडलेल्या गोष्टीत राजाला मुलगाही मिळतो आणि बायकोही. हे ‘सुनिर्वहण’. संस्कृत आहे, नेमका आहे, ‘यु’ला ‘सु’ बरोबर बसतो.

अनेर (चोपडा)

पांझरासर, ताईताचं उदाहरण फार आवडलं, पण शब्द पटला नाही. संस्कृत नाटकाचा शेवट गोड होणार हे प्रेक्षकाला घरून निघतानाच माहीत असतं. टॉल्किन तर म्हणतोय, भरवसा धरता येत नाही. मग निर्वहण कसं चालेल? निर्वहण म्हणजे गोळा करून आणणं, सगळे धागे कवीनं आधीपासून हातात धरलेले असतात.

माझा अनुभव सांगतो. आमची केळी. एका मे महिन्यात संध्याकाळी वादळ आलं आणि घड धरलेला अख्खा बाग रात्रीतून आडवा झाला. धाकटा भाऊ मोटर बंद करायला वावरात गेलेला, त्याचा फोन लागेना. आम्ही बॅटऱ्या घेऊन पडलेल्या खोडांमधून हाका मारत फिरलो. पहाटे तो शेजारच्या गावच्या देवळातून चालत आला. मायनं त्याला पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “जीवात जीव आला.” बाग गेलेलाच होता, त्या वर्षीचं कर्ज अंगावर होतंच, पण त्या घडीला जे झालं त्याला मराठीत हेच नाव आहे. दुःख आणि आनंद एकाच श्वासात. शब्द शोधायला भरतापर्यंत जायची गरज नाही.

पांझरा (धुळे)

अनेरभाऊ, तुमच्या मातोश्रींचं वाक्य मी विसरणार नाही. पण तो वाक्प्रचार आहे, संज्ञा नाही. ‘टॉल्किनची जीवात-जीव-आला ही संकल्पना’ असं लेखात कसं लिहिणार? अनेकवचन कसं करणार, विशेषण कसं करणार? परिभाषेला घट्ट शब्द लागतो. सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ दिले तेव्हाही लोक म्हणाले की हे कोण बोलणार. आज तेच शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत.

निंबोणी (पारोळा)

मला वाटतं आपण सगळे उंबऱ्यातच उभे आहोत आणि शब्द घरात आहे. श्रावणात कहाणी ऐकताना हातात अक्षता धरायच्या, शेवटचं वाक्य झालं की त्या वाहायच्या. ते वाक्य कोणतं? ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.’ सुफळ! ‘यु’ म्हणजे ‘सु’, आणि पुढे शेवटाचं फळ. मुठीत धरून धरून घामानं ओले झालेले तांदूळ तळहाताला चिकटायचे, आणि ‘सुफळ’ ऐकलं की मूठ उघडायची. मी सात-आठ वर्षांची असेन, पण तो श्वास सुटल्याचा आवाज मला अजून आठवतो. सगळ्या बायकांचा एकदम.

शिवाय टॉल्किनचं ते ‘दुय्यम जग’, म्हणजे लेखकानं रचलेलं आणि आत शिरलं की खरं वाटणारं जग, त्यालाही आपल्याकडे नाव आहे. आटपाट नगर.

वाघूर (जळगाव)

निंबोणीताई, ‘आटपाट नगर’ वाचून मी खुर्चीतून उठले. हे मी नक्की घेणार, तळटीप देऊन.

‘सुफळ’बद्दल मात्र शंका आहे. कहाणीत करार असतो: उतणार नाहीस, मातणार नाहीस, घेतला वसा टाकणार नाहीस. वसा पाळला म्हणून फळ मिळालं. टॉल्किनच्या वळणात कुणी काही कमावलेलं नसतं. ते कृपेसारखं येतं. म्हणून मला आज सकाळपासून ‘अवचित’ हा शब्द खुणावतोय. ज्ञानेश्वरांच्या अभंगातला ‘अवचिता परिमळू’ आहे ना, तो. मागितलेला नसताना आलेला सुगंध. ‘अवचितवळण’ कसं वाटतं?

अनेर (चोपडा)

ताई, आमच्या घरात ‘अवचित’ मरणाच्या निरोपालाच ऐकलाय. ‘अवचित गेला हो.’ मला तो शब्द ऐकला की पोटात खड्डा पडतो.

निंबोणी (पारोळा)

आमच्याकडे पाहुणाही अवचित येतो. घराघराचा फरक असेल.

अस्तंबा (नंदुरबार)

मध्येच बोलतो, क्षमा करा. मला मूळ शब्दाआधी दुसराच शब्द टोचतोय. वाघूरताईंनी पहिल्याच ओळीत ‘मिथकं’ लिहिलं आणि कुणी थांबलं नाही.

माझे वडील दर दिवाळीला अस्तंब्याच्या यात्रेला जातात. सातपुड्यात धडगावकडे तो डोंगर आहे, त्यावर अश्वत्थामा आहे अशी श्रद्धा. धनत्रयोदशीच्या सुमाराला जथेच्या जथे रात्रभर चढतात. कपाळावरची जखम घेऊन तो त्या रानात फिरतो आणि जखमेवर घालायला तेल मागतो, हे मी दूधपित्या वयापासून ऐकलंय. एम.ए.ला असताना मी घरी ‘अस्तंब्याचं मिथक’ असं काहीतरी वाचत होतो. वडिलांनी विचारलं, “मिथक म्हंजे काय? मिथ्या? म्हंजे खोटं शे का ते?” मी समजावलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं ते दुखावलेपण गेलं नाही. त्या वर्षी ते मला ‘चल’ म्हणाले नाहीत. ज्या शब्दात ‘मिथ्या’ ऐकू येतं, तो शब्द श्रद्धेच्या गोष्टीला लावू नये असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

पांझरा (धुळे)

शंभर टक्के सहमत. मिथक हा मुळात इंग्रजी ‘मिथ’ला ‘क’ जोडून हिंदीतून आलेला शब्द. मराठी समीक्षेत ‘प्राक्कथा’ आहे, ‘दैवतकथा’ आहे, ‘पुराणकथा’ आहे. त्यातला एक घ्या.

अनेर (चोपडा)

सर, ‘कादंबरी’ हे बाणभट्टाच्या एका नायिकेचं नाव. आज आपण प्रत्येक नॉव्हेलला कादंबरी म्हणतो, कुणाला खटकत नाही. शब्द कुठून आला यापेक्षा लोक त्याचं काय करतात ते बघायचं. आणि ‘पुराणकथा’ म्हटलं तर अस्तंब्याची यात्रा, आमची खानदेशातली कानबाई देवी, हे सगळं बाहेरच राहतं. नारळाला डोळे काढून, नथ घालून मामी कानबाई बसवते, ती कुठल्या पुराणात आहे? ‘प्राक्’ म्हटलं की जुनं, संपलेलं. कानबाई तर दर श्रावणात येते, रोट खाऊन जाते.

वाघूर (जळगाव)

अस्तंबाभाऊ, तुमच्या वडिलांचा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. कारण नेमका हाच प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री ऑक्सफर्डमध्ये मॉडलिन कॉलेजच्या आवारात टॉल्किन आणि त्याचे मित्र सी. एस. लुईस आणि ह्यूगो डायसन फिरत बोलत होते. लुईसचं म्हणणं होतं की मिथकं म्हणजे खोटंच, रुप्यातून फुंकलेलं असलं तरी खोटं. टॉल्किननं त्या वादाचं उत्तर म्हणून पुढे एक कविता लिहिली, ‘मिथोपिया’. त्याचा मुद्दा असा की माणूस स्वतः निर्मिलेला आहे म्हणून निर्मितो, आणि त्याच्या कथेत सत्याचा तुकडा वाकडातिकडा का होईना, उरतोच. म्हणजे तुमच्या घरातला वाद तिथेही झाला होता, फक्त तिथे मुलाच्या जागी टॉल्किन ‘खोटं नाही’ म्हणत होता.

आणखी एक. भाषांचा अभ्यासक मॅक्स म्युलर म्हणायचा की दैवतकथा हा भाषेला जडलेला रोग आहे: शब्दांचे मूळ अर्थ विसरले जातात आणि विसरलेल्या नावांचे देव होतात. टॉल्किननं ते उलटवलं. युरोपच्या आधुनिक भाषा हाच मिथकाला जडलेला रोग, असं म्हणणं सत्याच्या जास्त जवळ जाईल, असं तो लिहितो. तो स्वतः शब्दांचाच अभ्यासक. जुन्या इंग्रजीतल्या एका कवितेत त्याला ‘एआरेंडेल’ हा शब्द भेटला, त्याचा नाद सुटेना, १९१४ मध्ये त्यावर त्यानं एक कविता केली, आणि त्या एका नावाभोवती पुढे त्याचं जग वाढत गेलं. म्हणून मला शब्द निवडताना एवढी धास्ती वाटते.

अस्तंबा (नंदुरबार)

धन्यवाद ताई. हे मी वडिलांना सांगितलं, माझ्या भाषेत. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले की अश्वत्थाम्याच्या गोष्टीत ते तुमचं वळण येत नाही, त्याची जखम भरतच नाही. मला हे कधी सुचलं नव्हतं. टॉल्किन दुःखान्त शक्यता नाकारत नाही ना? तिच्याशिवाय आनंदाला अर्थ नाही असं काही आहे का निबंधात?

वाघूर (जळगाव)

आहे. ‘डिसकॅटॅस्ट्रफी’ असा जोडशब्दच आहे. दुःखाची आणि अपयशाची शक्यता तो नाकारत नाही, ती असावीच लागते असं म्हणतो. अरे देवा, आता त्यालाही मराठी शब्द हवा.

पांझरा (धुळे)

दुर्निर्वहण.

अनेर (चोपडा)

सर, तोंडातून निघत नाही हो ते.

पांझरा (धुळे)

चार वेळा म्हणा, निघेल. ‘निर्वाह’ म्हणताच ना रोज?

निंबोणी (पारोळा)

निर्वाह म्हटलं की मला शिधापत्रिका आठवते, नाटक नाही. असो. वाघूरताई, ‘आटपाट’ला तळटीप देणार असाल तर व्युत्पत्ती काय देणार? माझे आजोबा सांगायचे, ‘अट्ट’ म्हणजे बुरूज, ‘पाट’ म्हणजे पाण्याचा पाट. बुरूज आणि पाट असलेलं नगर.

अनेर (चोपडा)

मला तो ‘हाट’ वाटतो. सातपुड्याच्या पायथ्याला आठवडी बाजाराला हाटच म्हणतात. हाट आणि पाट, म्हणजे बाजार आणि पाणी. आजी कहाणी सांगताना ‘ह’ अर्धवट गिळायची, म्हणून आम्हाला ‘आट’ ऐकू आलं असेल.

पांझरा (धुळे)

‘ह’ गिळला हा पुरावा नव्हे. संस्कृतात ‘अट्ट’चा अर्थ बुरूजही आहे आणि बाजारही. आणि ‘साठा उत्तराची’ यातलं ‘उत्तर’ म्हणजे काय, यावर आधी बोला, तिथे तर सगळेच अंदाज करतात.

अस्तंबा (नंदुरबार)

आमच्याकडे मोठी माय अहिराणीत कहाणी सांगायची, पण ‘आटपाट नगर’ मात्र तसंच, न बदलता. त्यापुढे लगेच ‘व्हतं’. ‘आटपाट नगर व्हतं.’ म्हणजे ते दोन शब्द बाहेरून आले असावेत आणि बाकीची गोष्ट घरची.

निंबोणी (पारोळा)

हे फार महत्त्वाचं आहे. ती ‘आटपाट’ म्हणायची की ‘हाटपाट’? नीट आठवा.

अस्तंबा (नंदुरबार)

मला ‘आट’च आठवतं, पण मी लहान होतो. आत्याला विचारतो, तिनं माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. ती आता कापूस वेचायला गेलीय, अंधार पडल्यावर फोन लागेल.