अनुभव धागा: ऑटिस्टिक आणि क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) वाचक गोष्टीत स्वतःला कसं शोधतात?

पुस्तकांची नुसती यादी नको. पात्र आपल्यातलं आहे हे कशावरून ओळखता, मराठीत कुठं अडतं, तेवढं नेमकं लिहा.

—

लेबल शोधण्याआधी नजर कशी लिहिलीय ते बघा. ‘त्याने नजर चुकवली’ हे समोरच्याचं निरीक्षण. आतून लिहिणारा नजर कुठं गेली ते सांगतो: शर्टाच्या दुसऱ्या बटणावर, कारण डोळ्यांत बघितलं की बोलणं ऐकू येईनासं होतं. मार्था वेल्स यांच्या ‘ऑल सिस्टम्स रेड’मधलं (2017) मर्डरबॉट नावाचं सुरक्षायंत्र माणसांकडे थेट बघण्यापेक्षा कॅमेऱ्यांतून बघणं पसंत करतं आणि फावल्या वेळात मालिका बघत बसतं. ऑटिझमचं नावही नाही, तरी ओळख पटते. कुरकुर एवढीच, की आपल्यासारखं कोणी म्हटलं की दर वेळी यंत्र नाहीतर परग्रहवासीच का?

—

माणूस हवा असेल तर अँड्र्यू जोसेफ व्हाइट यांचं ‘द स्पिरिट बेअर्स इट्स टीथ’ (2023). सायलस हा ऑटिस्टिक ट्रान्स मुलगा (जन्मावेळी मुलगी ठरवलेला), काळ 1883चा, इंग्लंडमधला. ऑटिझम हा शब्दच विसाव्या शतकातला, त्यामुळे निदानाचा कागद कथेत येऊच शकत नाही. सगळं वागण्यातून आणि शरीरातून उतरवावं लागतं. चिरफाडीची वर्णनं आणि लैंगिक हिंसा आहे, हातात घेण्याआधी माहीत असू द्या.

—

मराठीत घोडं अडतं क्रियापदाशी. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’? पहिल्याच वाक्यात लिंग उघडं. नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला पुरुष किंवा स्त्री न मानणारा निवेदक लिहायचा तर सकर्मक भूतकाळ धरा: ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’. क्रियापद कर्मामागे जातं, निवेदक झाकलेला राहतो. ‘मला आवडतं’, ‘मी जाईन’ हेही चालतं. फसगत होते ती बोलणे, विसरणे, जेवणे, पिणे यांत. ‘मी चहा प्यायलो’ म्हटलं की संपलं. ‘मी चहा घेतला’ करा. साध्या वर्तमानकाळात करतो-करते यातून सहसा सुटका नाही, ‘मी करत आहे’ मात्र चालतं. ‘आम्ही गेलो’ सगळ्यांना सारखंच, पण एकट्या माणसाच्या तोंडी चार पानांत राजेशाही वाटायला लागतं. ‘ते आलं’ मर्डरबॉटला चपखल बसतं. मोठ्या माणसाला लावलं की लेकरू आल्यासारखं ऐकू येतं.

—

ऑटिस्टिकसाठीच्या ‘स्वमग्न’ या मराठी शब्दानं लेखकांचं काम फार सोपं केलंय. पात्राला खिडकीपाशी बसवलं की झालं, मग प्रेमात पडायला वाव कुठला? एसेक्शुअल, म्हणजे लैंगिक आकर्षण न वाटणाऱ्या पात्राची तर आणखी पंचाईत, तेही ऑटिझमच्या लक्षणांतच जमा. ऑटिझमचे सगळे उल्लेख पेन्सिलीनं खोडून वाचा. आकर्षणाला, नकाराला पात्राची स्वतःची कारणं उरली तर पुस्तक ठेवा.

—

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (2006) ऑटिझम नाही, तरी सुचवीन. तनय आणि अनुजा, भाऊ-बहीण, एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात. तोच माणूस दोनदा सांगितलेला. तनय थेट ‘तू’शी बोलतो. कोण कोणाशी बोलतंय याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही, ही चैन थोडी नाही. अनुजाचा भाग वाचताना तनयच्या पानांत बोट घालून ठेवा. कोणाला काय दिसलंच नाही, ते तिथं कळतं.