बाबांना कसं समजवायचं? मदत हवी आहे (तातडीचं)

सायली_बडोदा: बाबा त्या मेसेजवरून हटत नाहीयेत. चार वेळा सांगितलं खोटं आहे, तर म्हणे "तू काय डॉक्टर आहेस?" एवढा शिकलेला माणूस असल्या गोष्टी खऱ्या मानतोच कसा? आजच्या आज काहीतरी सुचवा.

मांडवीकर: कुठला मेसेज? वय काय? पाठवला कुणी?

तात्या_रावपुरा: शिक्षणाचा काय संबंध? २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा चांगले प्रोफेसर चमचा घेऊन रांगेत होते. मीही होतो. पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढलं जाऊन मूर्तीवरून ओघळत होतं, पण खाली फरशीकडे बघतंय कोण!

निवांत: फोन काढून घ्या. आईचा घेतला, आता ती टीव्ही बघते.

मांडवीकर: टीव्हीवर काय सगळं खरंच सांगतात?

सायली_बडोदा: लसूण-लिंबू-आल्याच्या काढ्याने ब्लॉकेज निघतात, असा मेसेज. वय ७२. सोसायटीतल्या काकांनी पाठवला.

ऋचा_मा: मी मानसशास्त्र शिकवते. १९७७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. तीच विधानं दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा ऐकवली, तर लोकांना ती जास्त खरी वाटू लागली, मग ती खोटी का असेनात. कानावरून गेलेलं ओळखीचं वाटतं, ओळखीचं ते खरं. तो मेसेज बाबांना किती ग्रुपांवर आलाय?

सायली_बडोदा: तीन. व्हॉट्सअ‍ॅपवर खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर येतो तो दुहेरी बाण दाखवला, म्हटलं बघा, किती हातांतून फिरून आलाय. तर म्हणे, "बघ, एवढे लोक उगाच पाठवतील?"

निवांत: काढ्यात लसूण किती पाकळ्या घालायच्या?

तात्या_रावपुरा: निवांत, तुम्ही खरंच निवांत आहात.

मांडवीकर: पण काढा पितायत तर पिऊ देत की. बिघडलं कुठे?

सायली_बडोदा: अहो, गोळ्या बंद केल्यात ना! चार महिन्यांपूर्वी दोन स्टेंट टाकलेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या रविवारपासून डबीत तशाच आहेत.

मांडवीकर: हे आधी सांगायचं! स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. वाद सोडा, डॉक्टरांना फोन लावा.

तात्या_रावपुरा: आणि त्या काकांना विचारा, तुम्ही स्वतःच्या गोळ्या सोडल्यात का?

सायली_बडोदा: स्पीकरवर ठेवून विचारलं. "छे छे, मी रोज घेतो. आला म्हणून पुढे ढकलला." बाबा गप्प. डॉक्टरांनी बोलावलंय, निघतोय. काढ्याची बाटली पिशवीत घेतलीच आहे, "त्यांनाही दाखवू" म्हणून.