पीआरएन नावाचं फोल्डर का बनत नाही? विंडोजनं ही जुनी अट आता सोडावी का?

सेतूवाला_परभणी
मंडळी, काल डोकं फिरायची वेळ आली. ॲडमिशनचे फॉर्म भरून देणं हा माझा धंदा. पोरांचे कागद पीआरएन नंबराप्रमाणे (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) लावायचे म्हणून डेस्कटॉपवर 'पीआरएन' या तीन इंग्रजी अक्षरांचं फोल्डर करायला गेलो. विंडोज म्हणतं, डिव्हाइसचं नाव चुकीचं आहे. कसलं डिव्हाइस? हाताखालचं पोरगं म्हणालं व्हायरस आहे, आणि स्कॅन लावून बसलं. बाहेर रांग!

नंतर कळलं की कॉन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, शिवाय कॉम१ ते कॉम९ आणि एलपीटी१ ते एलपीटी९ (काटा, प्रिंटर अशा उपकरणांच्या वायरी लावायची जुनी पोर्टं) ही नावं राखीव आहेत. पीआरएन म्हणजे त्यांच्या लेखी प्रिंटर. माझ्या विंडोज १० वर पुढे टिंब टीएक्सटी लावूनही सुटका नाही. डबा रिकामा, दारावर मात्र 'राखीव'. काढून टाका ना ही अट.

मोंढ्यातला_काटा
डबा रिकामा कोण म्हणायलंय? लातूरच्या मोंढ्यात या. आडतीवर वजनकाट्याची वायर कॉम१ ला, शेतकऱ्याची पट्टी निघती एलपीटी१ वरच्या डॉट मॅट्रिक्सवर, अन् प्रोग्राम हाय जुन्या फॉक्सप्रो डेटाबेसातला. लिहिणारा माणूस कवाच पुण्याला गेला. सोयाबीनच्या सीझनात काटा बंद पडला तर तुमचं फोल्डर उघडून हमाली-तोलाई काढू का? एक नाव बदला की राव. आमच्या पोटावर कामून पाय?

गोदाकाठ
अट आली कुठून ते आधी बघा. १९८१ साली डॉस (विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची सिस्टीम) आलं तेव्हा त्यात फोल्डरच नव्हते. सगळ्या फायली एकाच ढिगात, त्यामुळे 'पीआरएन' म्हटलं की प्रिंटर, 'कॉन' म्हटलं की कीबोर्ड आणि स्क्रीन, एवढंच पुरायचं. ही पद्धतही त्याआधीच्या सीपी/एम नावाच्या सिस्टीमवरून उचललेली. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पण जुने प्रोग्राम कुठल्याही फोल्डरातून 'पीआरएन' हाक मारणार, म्हणून ते नाव प्रत्येक फोल्डरात जिवंत ठेवलं. काही प्रोग्राम नावापुढे आपलं शेपूट (टिंब टीएक्सटीसारखं) आपोआप जोडायचे, म्हणून शेपटासकट नावही अडवलं. युनिक्स या दुसऱ्या सिस्टीमवाल्यांनी सगळी उपकरणं 'डेव्ह' नावाच्या एका खोलीत कोंडली, बाकी वाडा मोकळा. डॉसनं प्रत्येक खोलीत एक पाहुणा बसवला, तो अजून उठलेला नाही.

(आणि हो, 'कॉन फोल्डर का बनत नाही हे खुद्द बिल गेट्सलाही सांगता आलं नाही' हा फॉरवर्ड कॉलेजात मीही पाठवलाय. आता लाज वाटते.)

वाळूज_कोडर
काटेवाल्या दादांचा मुद्दा कळतो, पण तो अर्धाच आहे. राखीव नावं नवावर थांबतात. कॉम१० उघडायचं असेल तर प्रोग्रामला आधी दोन उलटे स्लॅश, टिंब, पुन्हा उलटा स्लॅश असं लिहावंच लागतं. म्हणजे उपकरणाला वेगळी हाक मारायची सोय आहेच, लोक वापरतातही. मग नुसतं 'कॉम१' म्हटलं तर उपकरण आणि पूर्ण पत्ता दिला तर साधी फाईल, असं का नको?

त्रास फक्त फोल्डरचा नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये (त्या सिस्टीमच्या गाभ्याच्या कोडमध्ये) एयूएक्स डॉट सी नावाची फाईल आहे. लिनक्सवर तिला कुणी अडवत नाही, विंडोजवर गिट (कोड उतरवून सांभाळायचं साधन) ती उतरवायला गेलं की अडतं. उलटंही होतं. गिटसोबत येणाऱ्या गिट बॅश या कमांड-खिडकीत कुणी नको असलेलं आउटपुट 'एनयूएल'कडे (विंडोजच्या लेखी कचरापेटी) फेकलं तर खरोखरची फाईल तयार होते, आणि मग एक्सप्लोररला ती पुसता येत नाही. पत्त्याआधी दोन उलटे स्लॅश, प्रश्नचिन्ह, उलटा स्लॅश लावून कमांडनं पुसावी लागते. सामान्य माणसानं हे कुठून शिकायचं?

गोदाकाठ
पूर्ण पत्त्याची सूट दिली तरी जे जुने प्रोग्राम स्वतःच पुढे फोल्डरचा पत्ता चिकटवतात, त्यांची पट्टी प्रिंटरऐवजी फाईलमध्ये जाऊन पडेल. ना एरर, ना कागद. शेतकरी दारात उभा. ही चूक फोल्डर न बनण्यापेक्षा वाईट. माझं मत: अट राहू द्या, संदेश सुधारा. 'हे नाव प्रिंटरसाठी राखीव आहे, दुसरं द्या' एवढं लिहिलं असतं तर परभणीत स्कॅन लागलाच नसता.

सेतूवाला_परभणी
संदेशाचं पटलं. बाकीचं नाही. तूर्त 'पीआरएन_यादी' नाव दिलंय, चाललं. आधी 'पीआरएन टिंब २०२४' दिलं होतं, तेही नाकारलं. अंडरस्कोर चालतो, टिंब नाही!

मोंढ्यातला_काटा
कोडर भाऊ, भांडण बाजूला. नवीन कॉम्प्युटरला ती जुनी वायर बसतच न्हाई, म्हणून यूएसबीचं कन्व्हर्टर आणलंय. ते कॉम११ वर जाऊन बसलंय अन् सकाळपासून वजन शून्य दाखवायलंय.

वाळूज_कोडर
तुमचा प्रोग्राम कॉम१ लाच हाक मारतोय. डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट्स, त्या कन्व्हर्टरची प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड. तिथं नंबर बदलून कॉम१ करा. कॉम१ दुसऱ्यानं धरलेला असेल तर आधी तो मोकळा करा.

मोंढ्यातला_काटा
आलं वजन. ६२ किलो ४००. लै उपकार. पण मत माझं तेच हाय.