जुन्या येझदीला एलईडी लावला तर बिघडलं काय?

चोपडेकर

आपल्या जावा-येझदी मोटारसायकलवाल्या मंडळीत एक अलिखित दंडक झालाय की जुन्या गाडीला एलईडी बल्ब लावला म्हणजे गाडी बाटली. मला हे अजिबात मान्य नाही. ज्याची गाडी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डेला फुलं वाहून बाहेर निघते, त्यानं पिवळा बल्ब खुशाल जपावा. ज्याला रात्री रस्त्यावर गाडी चालवायची आहे त्यानं एलईडी लावावा आणि कुणापुढे कानकोंडं होऊ नये.

माझी १९७६ ची येझदी. सहा व्होल्ट, वीज बनवणारा डायनामो, स्पार्क पाडणारा सीबी पॉइंट. आता हिशोब बघा. डायनामो ४५ वॅटचा. त्यातले ३५ एकटा हेडलाईट खातो, ५ टेललाईट. उरलेल्या पाचात स्पार्कची कॉइल चालवायची, हॉर्न वाजवायचा, ब्रेकचा दिवा लावायचा आणि वर बॅटरीपण चार्ज करायची! गावातून हळू निघालं की लाल दिवा लागतो, म्हणजे डायनामोनं हात वर केले, सगळा भार बॅटरीवर. आणि या गाडीत स्पार्कही बॅटरीवरच, त्यामुळे बॅटरी बसली की उजेडही गेला आणि गाडीही गेली.

ज्यांना पिवळ्या उजेडाचं फार कौतुक आहे त्यांनी एकदा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर यावल ते चोपडा अंधार पडल्यावर यावं. कारखाना सुरू असताना उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रेडियमची पट्टी. बैलगाडीवाल्याला तर रात्री बैलाचे डोळे चमकतात एवढाच काय तो रिफ्लेक्टर. मध्येच रानडुक्कर. ३५ वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर जवळपास सहा ॲम्पियर ओढतो. दहा वॅटचा एलईडी पावणेदोन. उरलेले चार ॲम्पियर बॅटरीत जाऊ द्या की. यात पाप कुठे आहे?

---

मूळरूप_धुळे

पाप नाही, पण घाई आहे.

तुमच्या गाडीचा डूम म्हणजे हेडलाईटची वाटी, त्याची काच, आतला रिफ्लेक्टर हे सगळं एका बारीक तारेसाठी बनवलंय. ती तार ठरलेल्या जागी जळते म्हणून उजेड ठरलेल्या ठिकाणी पडतो. एलईडीत तारेच्या जागी दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात आणि मध्ये पट्टीची जाडी. म्हणजे उजेड निघतो भलत्या जागेवरून. रिफ्लेक्टर बिचारा काय करणार? तो उजेड झाडाच्या शेंड्यावर, समोरच्याच्या डोळ्यात, सगळीकडे फेकतो आणि रस्त्यावर मात्र पुढच्या चाकासमोर एक पांढरा डाग. चालवणाऱ्याला वाटतं, काय उजेड पडलाय! जवळ झगझगीत दिसतं म्हणून डोळा फसतो, लांबचं उलट कमी दिसायला लागतं.

तुमच्या ट्रॉलीचा प्रश्न लांबच्या उजेडाचा आहे, चोपडेकर. जवळच्या नाही.

आणि दिसण्याचंही बोलू द्या. येझदीच्या त्या गोल डूममध्ये दवाखान्याच्या ट्यूबलाईटसारखा निळसर पांढरा उजेड बघितला की जीव खाली-वर होतो. मी माझ्या जावाला सहा व्होल्टचाच हॅलोजन लावलाय, रिफ्लेक्टरला नवीन पॉलिश करून घेतलं. कुठे अडलं नाही.

---

अमळनेरी

आठे बल्बना वाद चालू शे, तठे गाडी अंधारामा उभी शे. लावा भो काहीतरी एकदाचं.

---

भुसावळ_वायरिंग

दोघंही बल्बवर भांडताय. बल्बपर्यंत व्होल्ट किती पोचतात ते कुणी मोजलं का? माझा धंदाच वायरिंगचा आहे, रोज हेच बघतो.

मल्टिमीटर घ्या. गाडी चालू, हेडलाईट चालू. एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या होल्डरात जिथे करंट येतो तिथे. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत गळाले. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून होल्डरच्या अर्थपर्यंत, म्हणजे अर्थिंगच्या टोकापर्यंत. साध्या बल्बचं गणित असं आहे की व्होल्ट थोडे पडले तरी उजेड धाडकन पडतो. सहा व्होल्टच्या गाडीत एक व्होल्ट गळाला की उजेड जवळपास निम्म्यावर. बारा व्होल्टच्या गाडीत तोच एक व्होल्ट गळाला तर पाव उजेड जातो. म्हणून सहा व्होल्टवाल्यांची रड जास्त.

गळती कुठे होते तेही सांगतो. इग्निशन स्विचचे पत्रे काळे पडलेले, डिपर स्विचमध्ये ग्रीस आणि धूळ यांचा गोळा, आणि सगळ्यात मोठी चोरी अर्थची. डूम आणि फोर्कमधून अर्थ जातो, वर तीन हात रंग मारलेला, बेअरिंगात ग्रीस. बल्बचा करंट जाणार कुठून? बल्बच्या होल्डरपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जाड वायर वेगळी ओढा. हेडलाईटला रिले टाका, म्हणजे सगळा करंट त्या जुन्या स्विचमधून फिरत नाही. एवढं केल्यावर तोच पिवळा बल्ब बघा आणि मग ठरवा.

निम्म्या लोकांना एवढ्यावर एलईडीची गरज राहत नाही. उरलेल्या निम्म्यांना लावून देतो, माझं काही वैर नाही.

---

चोपडेकर

भुसावळकर, अर्थची वायर मी आधीच ओढलीये. फरक पडला, नाही म्हणत नाही. पण डायनामो ४५ चाच राहिला ना? वायर कितीही जाड टाकली तरी विहिरीत पाणी तेवढंच. उलट बल्ब नीट जळायला लागला तर तो पूर्ण ३५ ओढणार आणि बॅटरी अजून लवकर बसणार. या मुद्द्याला मूळरूपवाल्यांनी हातच लावला नाही.

---

आरएक्स_शिरपूर

माझ्याकडे यामाहा आरएक्स १००. तिच्यात हेडलाईट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या कॉइलवर, म्हणजे एसी. मित्राच्या सांगण्यावरून एलईडी टाकला. आयडलला डिस्को. रेस दिली की स्थिर वाटतो, पण हाताची बोटं समोर हलवली तर तुकड्या-तुकड्यांत दिसतात. आता मेकॅनिक म्हणतो कॉइल प्लेट काढून अर्थ सोडवू, आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) बदलू, सगळं डीसी करू. बल्ब स्वस्त, बाकी महाग. चोपडेकरांची गाडी डायनामोची म्हणजे मुळात डीसी, त्यांना हे लचांड नाही.

---

भुसावळ_वायरिंग

बरोबर. आणि एसीवाल्यांनी अजून एक ऐका. ज्या जुन्या गाड्यांत रेग्युलेटरच नाही, तिथे हेडलाईटचा मोठा बल्ब हाच व्होल्टेजचा लगाम असतो. तो काढून छोटासा एलईडी लावला की रेस दिल्यावर व्होल्ट उसळतात आणि टेललाईट उडतो. लोक पुन्हा पुन्हा टेललाईट बदलत बसतात, खरं कारण पुढच्या दिव्यात आहे हे कळतच नाही.

ज्यांच्याकडे जुन्या इंग्लिश गाड्या आहेत त्यांनी आधी बॅटरीचं कुठलं टोक चासीला लावलंय ते बघा. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना प्लस अर्थ असतो. साध्या बल्बला प्लस-मायनसचं सोयरसुतक नसतं, एलईडीला असतं. उलटा लागला तर नुसता पेटणार नाही किंवा कायमचा जाईल.

---

शहादा_स्कूटी

तुमचं सगळं तांत्रिक वाचलं. आता समोरून येणाऱ्याचं ऐका.

मी शाळेतून घरी येते तेव्हा हिवाळ्यात दिवस बुडालेला असतो. शहादा-तळोदा रस्त्यावर समोरून एलईडीवाला आला की दोन-चार सेकंद मला काही म्हणजे काही दिसत नाही. रस्त्याची कडा कुठे, साईडपट्टी खाली किती उतरलीये, सगळं गायब. ब्रेक मारावा तर मागून ट्रॅक्टर. डिपर द्या म्हणून मी दिवा मारते, तर समोरचा डिपरच देत असतो! त्याचा डिपरही डोळ्यातच येतो, त्याला तरी काय माहीत.

जुनी गाडी, नवी गाडी मला काही घेणं नाही. तुम्हाला ट्रॉली दिसावी म्हणून मी खड्ड्यात जायचं का?

---

निवृत्त_एसटी

ताई, शंभर टक्के. आमची उभी हयात स्टेअरिंगवर गेली. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना धुक्यात समोरून पांढरा झोत आला की नुसती भिंत दिसते. पूर्वी समोरचा डिपर देत होता, आपण देत होतो, त्यात एक माणुसकी होती. आता कुणाला सांगणार? वय झालं की डोळ्याला हा निळसर उजेड जास्तच लागतो. मोतीबिंदूवाल्याला विचारा.

पण एक सांगतो, चोपडेकरांच्या बाजूनं. मंद दिव्याची मोटारसायकल हीसुद्धा आम्हाला ड्रायव्हर लोकांना नको असायची. लांबून सायकल आहे, फटफटी आहे की कुणी बॅटरी घेऊन पाणी भरायला निघालाय, काही कळत नाही. ओव्हरटेकचा अंदाज चुकतो.

---

पारोळा_कोर्टरोड

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच धरून ठेवलं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ दिव्याच्या झोताचा आहे. झोत कायम खाली वळलेला हवा किंवा चालवणाऱ्याला डिपरनं खाली वळवता यायला हवा, दिव्यासमोर ८ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला तो दिपवता कामा नये. म्हणजे शहाद्याच्या ताईंची तक्रार नुसती तक्रार नाही, नियमात बसते.

आणि विंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर २०२१ ची अधिसूचना बघा. पन्नास वर्षांवरची गाडी, चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. पण मग ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. चोपडेकरांना यावलला जायचंय, तेव्हा त्यांनी त्या भानगडीत पडूच नये.

---

मूळरूप_धुळे

चला, सरकारसुद्धा म्हणतंय विंटेज गाडी रोज पिदडायची नाही 😄

---

चोपडेकर

म्हणूनच माझी विंटेज नाही, जुनी आहे. वडील तिच्यावर खताची गोणी आणायचे, मी माणसं आणतो. तिला मखरात बसवायचं नाही.

ताईंचा मुद्दा मात्र डावलण्यासारखा नाही आणि मी डावलतही नाही. पण त्याचं उत्तर "एलईडी नको" हे नाही, "झोत तपासून लावा" हे आहे. आमच्याकडे जिनिंगची लांबलचक पांढरी भिंत आहे. सपाट जागेवर गाडी पंचवीस फुटांवर उभी करायची, वर माणूस बसवायचा, कारण रिकाम्या गाडीचा झोत वेगळा पडतो. भिंतीवर डूमच्या मध्याच्या उंचीला खडूची आडवी रेघ. डिपरवर उजेडाचा जाड पट्टा रेघेच्या खालीच राहिला पाहिजे. रेघेच्या वर सांडला तर डूम वाकवा. तरीही सांडला तर तो बल्ब परत करा, तो आपल्या डूमचा नाही. पिवळा लावा नाहीतर पांढरा, परीक्षा एकच.

सांगा मूळरूप, तुमच्या हॅलोजननं ही परीक्षा दिलीये का? की पिवळा आहे म्हणून पास?

---

मूळरूप_धुळे

दिलीये. रेघेखाली आहे. पण मला तुमचा एलईडी रेघेखाली बघायचाय, कारण आपल्या जुन्या होल्डरला बल्बच्या खाचा ठरलेल्या असतात, बल्ब फिरवून चिपची दिशा बदलता येत नाही. चिप डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून बसली तर ठीक, वर-खाली बसली तर तुम्ही डूम वाकवून वाकवून शेवटी चाकावर उजेड पाडाल. डिपरचं तर विचारूच नका. साध्या बल्बात डिपरची तार वेगळ्या जागी असते, स्वस्तातल्या एलईडीत अपर आणि डिपर यात फक्त कमी-जास्तचा फरक.

४५ वॅटच्या हिशोबाबद्दल म्हणाल तर खरं आहे, नाकारत नाही. पण मग टेललाईट, ब्रेकलाईट एलईडी करा. तिथे झोताचा प्रश्न नाही, कुणाचे डोळे जात नाहीत, आणि मागून येणाऱ्यालाही तुम्ही लवकर दिसाल.

---

चोपडेकर

त्यानं वाचले किती? चार वॅट. ब्रेक दाबल्यावर अजून थोडे. पोटाला पुरणार नाही ते.

---

भुसावळ_वायरिंग

घेणारच असाल तर पाकीट वाचून घ्या. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक एलईडीवर १२ ते ८० व्होल्ट लिहिलेलं असतं, सहा व्होल्टला ते पेटतसुद्धा नाहीत. सहा लिहिलेलंच हवं. वॅटच्या आकड्यावर जाऊ नका, मीटर सिरीजमध्ये लावून ॲम्पियर बघा, पाकिटावरचा "१०० वॅट" खाली येतो लगेच. ६००० केल्विनचा निळसर घेऊ नका, ३००० ते ४००० मधला घ्या, धुळ्याच्या दादांचा जीवही खाली-वर होणार नाही.

आणि मागे पंखा असलेला नको. आपल्याकडचा मे महिना ४५ डिग्रीचा, त्यात बंद डूम, त्यात कापसाची आणि मातीची धूळ. पंखा अडकतो, चिप तापते, उजेड उतरत जातो. मागे नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या (हीटसिंक) असलेला बरा. पावसाळ्यात उलटं होतं, एलईडीच्या पुढे काच तापत नाही, आत धुकं धरलं की वाळत नाही. रबर नवीन टाका.

जुना बल्ब कपड्यात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवा. एलईडी गेला तर रस्त्यात दुसरा मिळणार नाही.

---

अमळनेरी

बठ्ठं वाची लिधं. माझा वेगळा प्रश्न, इंडिकेटर एलईडी केले तर? केले मी. लागतात पण मिचकत नाहीत.

---

भुसावळ_वायरिंग

जुना फ्लॅशर बल्बच्या करंटनं तापून उघड-बंद होतो. एलईडी एवढा करंट घेतच नाही, तो तापणार कसा? इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाका. सहा व्होल्ट की बारा, ते बघून घ्या.